रिठ्याचं पाणी आणि कोरी पट्टी

२२ नोव्हेंबर १९८२, सोम.

क-४ नं, म्हणजे सरांनी सुचवलेल्या रसायनानं, आज पुन्हा काम केलं!

दोन्ही बीकरमधल्या पोलादाच्या पट्ट्या सकाळी काढल्या. नुसत्या ॲसिडमधली, म्हणजे आमची ‘कोरी’, काळवंडलेली, कडा खाल्लेली, बोटाला खरखरीत. क-४ घातलेल्या ॲसिडमधली जवळपास जशी घातली तशीच. वजनं परत परत पाहिली. लॅबमधली मैत्रीण मीनल म्हणाली, “अगं, बघून बघून काटा झिजेल.”

सर म्हणाले, “छान. आता आणखी एकदा.” पुन्हा असंच आलं तर नाताळच्या सुट्टीआधी ते शिष्यवृत्तीसाठी माझं नाव पाठवणार.

ट्रंकेत फोर्टच्या ऑफिसचं पत्र आहे. टायपिस्टची जागा. २० डिसेंबरला हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतील. बाबांच्या मिलमधला संप सुरू होऊन वर्ष होत आलं, तरी घरात कुणी मला ‘नोकरी घे’ म्हणत नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

साडीवर ॲसिडचा थेंब उडाला. पुन्हा भोक. आईनं पाहिलं, सुईत दोरा ओवला.

२४ नोव्हें., बुध.

लॅबमध्ये घासायला जागाच मिळत नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकलं चालू आहेत. सरांना विचारून पट्ट्या नि पॉलिश पेपर घरी आणले. (विचारलं ते बरं केलं. न विचारता आणल्या असत्या तर आज झोप लागली नसती.)

जेवण झाल्यावर घासायला बसले. बाबा बघत होते. ते काही करत नाहीत असा हा कितवा महिना, पण त्यांचे हात थांबत नाहीत. बसल्या बसल्या चादरीच्या दशा वळत असतात.

“दे इकडं.”

“बाबा, एका दिशेनंच घासायचं. मग बारीक पेपरनं आडवं.”

“साचेवाल्याला उभं-आडवं शिकवतेस?”

बाबांचा जन्म मिलच्या मागावर, उभ्या-आडव्या धाग्यांत गेलाय. इतके हसलो. मग त्यांनी विचारलं, हे कशासाठी. मी सांगितलं: कारखान्यात पोलादावरचा गंज ॲसिडमध्ये बुडवून काढतात, ॲसिड गंज खातं, पण मग पोलादही खायला लागतं. त्यात असं काही घालायचं की ते पोलादाला चिकटून बसेल आणि त्याला वाचवेल. बाबा बराच वेळ घासत राहिले. मग म्हणाले, “चांगलं काम आहे.”

२५ नोव्हें., गुरु.

शेजारचे दत्तूकाका दारात. बाबांच्याच मिलमधले, बाबांच्याच खात्यातले.

“काय रे, संपात काम करतंस? तोंडाक काळा फासूक व्हया तुझ्या!”

“मिलमालकाचं नाय. शालूचं आहे.” बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“मगे माका पण एक जागा दी.”

बसलेसुद्धा. आता मी ‘जॉबर’, म्हणजे खात्याची मुकादम. दत्तूकाकांनी लगेच मागण्या मांडल्या: दोन वेळ चहा, तंबाखूची सुट्टी, आणि जॉबरनं आवाज चढवायचा नाही. सगळ्या मान्य केल्या. बाबा म्हणाले, “बघ, किती सोपं असतं.”

२८ नोव्हें., रवि.

सकाळपासून गॅलरीत खातं चालू. दत्तूकाकांच्या सुमनचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय, बायका आत तांदूळ निवडतायत नि पुरुष बाहेर माझ्या पट्ट्या घासतायत. बाबा प्रत्येक पट्टी उन्हात तिरकी धरून बघतात. पसंत नसेल तर परत करतात. दत्तूकाका बाबांकडे बोट दाखवून: “हो मिलच्या जॉबरापेक्षा वायट!”

पुन्हा पुन्हा बजावलं, घासून झालेल्या पट्टीला उघडा हात लावायचा नाही. हाताचा तेलकटपणा लागतो. आईनंही आतून ऐकलं, “बरं गो, कितीदा सांगशील.”

संध्याकाळी बघते तर पट्ट्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलेल्या. गुपचूप उघडून पाहिल्या. हळदकुंकू वाहिलेलं नाही. इतक्या सुंदर पट्ट्या आमच्या लॅबमध्ये कुणी पाहिल्या नसतील. आपला चेहरा दिसतो.

३० नोव्हें., मंगळ.

काल पट्ट्या, तेलकटपणा जावा म्हणून, ॲसिटोनमधून काढून, वजन करून संच लावला. आज काढला.

सगळ्या चकचकीत. सगळ्या. कोरीसुद्धा.

नुसत्या ॲसिडमध्ये रात्रभर राहूनही कोरी पट्टी खाल्ली गेली नाही, तर क-४ नं वाचवलं काय? क-४ ची किंमत शून्य.

बीकरच्या कडेला बारीक फेस दिसला. कोरीच्या बीकरमध्येही. म्हणजे मी बीकर नीट धुतले नाहीत, साबण राहिला. माझंच.

१ डिसेंबर, बुध.

ॲसिड तपासलं, बरोबर आहे. काटा तपासला, बरोबर आहे. बीकर क्रोमिक ॲसिडनं धुतले. उरलेल्यांतल्या काही पट्ट्या पुन्हा लावल्या.

मीनल: “कोरीच इतकी गुणी निघाली तर बिचाऱ्या क-४ नं करायचं काय?” ती शिवाजी पार्कच्या सुखवस्तू घरातली, तिला कशाचंच ओझं वाटत नाही. पण बीकर धुवायला माझ्याबरोबर तीच थांबली होती.

सर रागावले नाहीत. “कारण शोध,” एवढंच. रागावले असते तर परवडलं असतं.

२ डिसें., गुरु.

तेच. तोच फेस. क्रोमिक ॲसिडनंतर साबण राहणं शक्यच नाही.

घरी बाबा: “कशा निघाल्या पट्ट्या?”

“एकदम चकचकीत.”

खोटं नाही बोलले. पण बाबांनी ते चाळभर सांगितलं. समोरच्या काकू पेढा घेऊन आल्या. तो पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

४ डिसें., शनि.

लॅबच्या खणात मी स्वतः पूर्वी घासलेली एक जुनी पट्टी सापडली. तिला घरच्या पट्टीबरोबर, त्याच बाटलीतल्या ॲसिडमध्ये लावलं. जुनी मस्त खाल्ली गेली. घरची हसतेय.

म्हणजे ॲसिड नाही, काटा नाही, बीकर नाही. घरच्या पट्ट्यांनाच काहीतरी झालंय. पण काय? बाबांचे हात? दत्तूकाकांची तंबाखू?

बाबांना कसं विचारू? इतक्या महिन्यांनी ते शिट्टी वाजवत घासायला बसलेत.

संध्याकाळी दत्तूकाकांना हळूच म्हटलं, “काका, तंबाखू मळल्यावर हात धुऊन बसाल का?”

“माझ्या तंबाखून तुझा लोखंड बिघाडला, असा तुझा म्हणणा? ह्याच हातान आजपर्यंत साचो चलवलंय. कापडाक कधी डाग लागलो नाय!”

हात धुतले, पण सगळ्या गॅलरीला दाखवत दाखवत धुतले. आता मला ‘जॉबर’ म्हणत नाहीत, ‘बाईसाहेब’ म्हणतात.

५ डिसें., रवि.

सापडलं! सापडलं! अक्षर बघ कसं धावतंय.

दुपारी आई मोरीपाशी बसून लग्नासाठी मंगळसूत्र उजळत होती. वाटीत रिठ्याचं पाणी, जुना ब्रश. वाटीभर फेस. बारीक, पांढरा, कडेला चिकटून राहणारा. तो फेस मी गेला आठवडाभर बघतेय!

“आई, माझ्या पट्ट्या तू यात घातल्या होत्यास?”

“मग? घासून झाल्या की काळं काळं पाणी सुटायचं त्यांचं. तशाच कॉलेजात नेणार होतीस? वाटीत थोडा वेळ ठेवायचे नि वाळत घालायचे. सोनं असंच उजळतात.”

“मी सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?”

“हात कुठं लावला? चहाच्या गाळणीत घालून बुडवल्या.”

मी जमिनीवर बसले नि हसायलाच लागले. आई आधी घाबरली, मग तीही हसायला लागली, कशाला ते माहीत नसताना. मग विचारलं, “म्हणजे माझ्यामुळं तुझं नुकसान झालं काय गो?”

सांगितलं तिला. तुझ्या रिठ्यानं लोखंडाला असं धरून ठेवलं की ॲसिडला शिरायला जागा मिळाली नाही.

“मग बरंच झालं की. लोखंड वाचलं.”

बाबा: “अख्ख्या खात्याचं काम बाद केलंस आणि वर बरंच झालं!” पण तेही हसत होते. दत्तूकाकांना बोलावून सांगितलं, तंबाखू निर्दोष आहे. त्यांनी माफीनामा म्हणून चहा मागितला.

आता उद्या सरांना सांगायचंय. आईला कुणी हसलं तर?

६ डिसें., सोम.

वाक्य पाठ करून गेले होते. “सर, संच बिघडण्याचं कारण मिळालं. पट्ट्या घरी रिठ्याच्या पाण्यात धुतल्या गेल्या होत्या. जबाबदारी माझी.” प्रत्यक्षात म्हणाले, “सर, आईनं गाळणीतून रिठा.”

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग जे हसायला लागले ते थांबेनात. मीनल तर हसू लपवायला खिडकीशी जाऊन उभी राहिली. माझे कान तापले. वाटलं, आईचं नाव घ्यायला नको होतं.

मग सर एकदम गंभीर. “आणि ॲसिटोननं नाही गेलं?”

“नाही, सर.”

“जाणारच नाही. रिठ्यातलं ते फेसाळ द्रव्य ॲसिटोनमध्ये विरघळत नाही.” मग एक पट्टी उचलून, “पट्टीला नुसतं लागलेलं एवढं करतं. ॲसिडमध्येच घातलं तर?”

मी ते वहीत लिहून घेतलं.

मग म्हणाले, सुट्टीआधी एकाच कामाला वेळ आहे. एकतर क-४ स्वच्छ पट्ट्यांवर पुन्हा करायचं, किंवा रिठा. “क-४ माझ्या डोक्यातून आलंय, रिठा तुझ्या घरातून. तू ठरव. पण निकाल पुन्हा तसाच आला पाहिजे, तरच मी नाव पाठवीन. एकदा आलेल्यावर नाही.”

क-४ सुरक्षित आहे. दोनदा आलंय. शहाण्या मुलीनं क-४ घ्यावं.

७ डिसें., मंगळ.

रिठा.

सरांना एवढंच सांगितलं. ते म्हणाले, “मला वाटलंच.” हे चांगलं की वाईट?

८ डिसें., बुध.

लालबागला मसाल्याच्या दुकानांच्या ओळीत एक काष्ठौषधीवाला आहे, त्याच्याकडून रिठे आणले. “केसांना का?” “नाही, लोखंडाला.” त्यानं परत विचारलं नाही.

आईनं फोडून दिले. आतलं काळं बी काढायचं, टरफल भिजवायचं, उकळायचं, गाळायचं. या वेळी गाळणी माझी, लॅबची. चहाच्या गाळणीला घरात आता फार मान आलाय, दत्तूकाका तिला नमस्कार करून चहा पितात.

पट्ट्या बाबांनीच घासल्या. मला दिल्याच नाहीत. आईला लांब बसवलं होतं. ती म्हणाली, “माझी सावलीसुद्धा पडू देऊ नका.”

१० डिसें., शुक्र.

कोरी पट्टी सडली! इतकी छान सडली! काळी, भुसभुशीत, कडा कुरतडलेल्या. मी आणि मीनलनं त्या सडक्या पट्टीकडे पाहून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरचा मुलगा आम्हाला वेड लागलंय असं बघत होता.

आणि रिठ्यातली? लखलखीत. क-४ च्या तोडीस तोड. कदाचित थोडी वरच. (कदाचित. अजून काही म्हणायचं नाही.)

सर म्हणाले, “आता पुन्हा.”

१२ डिसें., रवि.

सुमनचं लग्न झालं. मांडव चाळीच्या चौकातच. सगळ्यांनी आपापल्या घरून काहीतरी केलं होतं, आमच्याकडे वडे होते. संप असताना लग्न कसं होणार म्हणत होते, आणि पंगत उठता उठेना. आईचं मंगळसूत्र सगळ्यात जास्त चमकत होतं. ज्याला त्याला सांगत होती, “रिठा. शालू कॉलेजात तेच शिकते.”

दत्तूकाका मुलीला पाठवताना रडले नि मग आमच्या दाराशी बसून म्हणाले, “उद्या पट्टी आसा काय गो? हातांक काम व्हया.” पुन्हा ‘गो’ म्हणाले. बरं वाटलं.

पंगतीत कुणीतरी बोलत होतं, काही जण कामावर परत जायला लागलेत. बाबांनी मान खाली घालून वाढणं चालू ठेवलं.

नंतर गॅलरीत मला म्हणाले, “ऑफिसचं काय ठरवलंस?”

“तुम्ही सांगाल तसं.”

“मला साच्यावर घातलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी तुला विचारतोय.”

“सांगते,” म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही.

१५ डिसें., बुध.

नाही आलं.

रिठ्यातली पट्टी मळकट निघाली. कोरीपेक्षा चांगली, पण शुक्रवारसारखी नाही, जवळपाससुद्धा नाही. पाणी त्याच बाटलीतलं होतं. वास घेतला तर आंबूस. नासलंय. आठवडाभर ठेवलं होतं, मला सुचायला हवं होतं.

सर: “क-४ बाटलीत वर्षभर बसून राहील. रिठा नाही राहणार. हे कळलं हा पण निकालच आहे, लिहून ठेव.”

“सर, मग नाव…”

“ताजं पाणी कर. शनिवारी लाव, या वेळी जास्त वेळ बुडू दे. सोमवारी सकाळी काढू. सोमवारी दुपारी मला कागद पाठवायचेत.”

सोमवार म्हणजे वीस तारीख. फोर्टच्या ऑफिसचीही तीच. सरांना ते माहीत नाही.

१८ डिसें., शनि.

आज आई लॅबमध्ये आली!

झालं असं, ताज्या पाण्याचा डबा मी घरीच विसरले. (पट्ट्या, पेपर, वही, सगळं आठवणीनं घेतलं. रिठा विसरले.) परत निघणार तोच दारात आई, हातात डबा, पायात चपला नाहीत. बाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळासारख्या. मीनलनं धावत जाऊन आणल्या, “मावशी, इथं काचा असतात!”

सर उठून उभे राहिले. “या, या. रिठा तुमचाच ना?”

आई पदर सावरत म्हणाली, “चुकून झालं ते.”

त्यांनी तिला सगळं दाखवलं. काचेच्या पेटीतला काटा, त्यावर केस ठेवला तरी वजन दाखवतो. ॲसिडमधली कोरी पट्टी, तिच्या अंगावरून बुडबुडे वर चाललेले. आईनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “खातंय हे माहीत आहे, तर मग त्यात घालता कशाला?”

मीनलला हसू फुटलंच. सर म्हणाले, “गंज काढायला दुसरं इतकं स्वस्त काही नाही.”

“म्हणजे घाण जावी, पण वस्तू राहावी.”

“तेवढंच.”

“मग एवढ्यासाठी ही रोज साडी जाळून घेते?”

सगळे हसले, मी पण. पहिल्यांदाच आईला कुणी हसेल अशी काळजी मला वाटली नाही.

संच लावला. ताजं पाणी, बाबांनी घासलेल्या पट्ट्या.

१९ डिसें., रवि.

दिवस जाता जात नाही. पट्ट्या लॅबमध्ये, बंद दारामागे, ॲसिडमध्ये.

बाबांना सांगून टाकलं, वीस तारीख दोन्हीकडची आहे. लॅब आधी उघडते, ऑफिस नंतर. पट्ट्या काढून, धुऊन, वाळवून, वजन करून निघाले तर फोर्टला वेळेत पोचता येईल. जायचं ठरलं तर.

“आणि पट्टी चांगली निघाली तर?”

“तरी शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही, बाबा. नुसतं नाव जाईल.”

“आणि वाईट निघाली तर?”

खरं उत्तर आलं ते मलाच नवीन होतं. “तर पाणी का बिघडलं ते बघावंसं वाटेल.”

बाबांनी मान हलवली नि पेपर हातात घेतला. पॉलिश पेपर, वर्तमानपत्र नव्हे. उरलेल्या पट्ट्या घासत बसले आहेत. कशासाठी, विचारलं नाही. दत्तूकाका आलेत, त्यांची पाळी सुरू झाली आहे. पट्टी उन्हात धरून भांडताहेत.

पत्र ट्रंकेतून काढून पर्समध्ये ठेवलं. मग पर्समधून काढलं. मग परत ठेवलं.

आत्ता पाहिलं, आईनं खुंटीवर दोन साड्या घडी घालून ठेवल्यात. एक सुमनच्या लग्नात नेसले ती निळी, इस्त्री केलेली. दुसरी लॅबची, भोकं रफू केलेली, तीही इस्त्री केलेली.

“दोन कशाला काढल्यास?”

“सकाळी घाई नको तुझी,” म्हणाली, नि भाकऱ्या थापायला गेली.